दिवस गयाबाईचा, साल माझं

जालना जिल्ह्यात कोण कोणत्या दिवशी जन्मलं हे ब्रह्मदेवाच्या खालोखाल कोणाला ठाऊक असेल, तर ते मला. ब्रह्मदेवाचा मान मी कमी करत नाही. पण त्याच्याकडं छापील यादी नव्हती, माझ्याकडं होती. दोन्ही कडांना भोकं असलेल्या कागदाची, उलगडली तर आमच्या मस्तगडातल्या दारापासून थेट रेल्वे स्टेशनापर्यंत पोचेल एवढी. (बायको म्हणते, अंगणापर्यंतच पोचेल. तिचं ऐकू नका. तिनं कधी उलगडून पाहिली नाही.)

गावात माझी ख्याती थापाड्या म्हणून आहे. अंबेकर बोलायला लागला की लोक बारा आणे तिथंच सोडतात आणि चार आणे घरी नेतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पण हीच ख्याती पुढं एका बाईच्या मुळावर आली, म्हणून आधीच कबूल करून ठेवतो. आणखी एक सांगून ठेवतो. या हकिगतीत शेवटी काही नीट होत नाही. चकली खाता खाता वाचायला बसला असाल तर चार पानं पुढं जा, तिथं राशिभविष्य असेल.

जिल्हा आणि मी एकाच वर्षी कामाला लागलो. एक्याऐंशी साली जालना औरंगाबादेतून वेगळा निघाला आणि मी इथल्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात टंकलेखक म्हणून चिकटलो. संस्थेचं नाव सांगत नाही. शाळा बऱ्याच होत्या, मंठ्याला मुलांचं वसतिगृह होतं, आणि सगळ्यांच्या वर अध्यक्षसाहेब होते. बारा-तेरा वर्षं मी टाइपरायटर बडवला. मंग एक दिवस कम्प्युटर आला. त्याच्यासाठी खोलीला रंग दिला, गार हवेचं यंत्र लावलं, आणि दारात पाटी लावली, ‘चपला बाहेर काढाव्यात’. अध्यक्षसाहेब पहिल्या दिवशी आत आले ते हात जोडूनच. औरंगाबादेत सहा महिन्यांचा कोर्स केलेला जिल्ह्यातला मी तिसरा माणूस. पहिले दोघं पुण्याला पळाले होते, म्हणून मी पहिला.

प्रिंटरचा आवाज तर असा की पहिल्यांदा चालू केला तेव्हा शेजारच्या गोठ्यातली म्हैस आटली. ही म्हैस मी पुढं इतक्या वेळा सांगितली, की लोक मलाच आठवण करून द्यायचे. म्हैस लक्षात ठेवा. ती परत येणार आहे.

अध्यक्षसाहेबांनी कुठंतरी पाहिलं होतं, की मोठी माणसं लोकांना वाढदिवसाचं कार्ड पाठवतात. ते मला म्हणाले, “अंबेकर, संस्थेतला मास्तर असो, शिपाई असो, जुना विद्यार्थी असो, ज्याचा वाढदिवस त्याच्या हातात त्या दिवशी माझं कार्ड पडलं पाहिजे. तुमच्या यंत्राला जमंल का?”

“साहेब,” मी म्हणालो, “यंत्राला तुमच्या पणतूचा वाढदिवससुद्धा आत्ता सांगता येईल.”

साहेबांना तेव्हा नातूसुद्धा झालेला नव्हता. पण ते खुश झाले.

आता जरा धंद्याचं सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातनंच निघाला. डेटाबेस म्हणजे काय? वह्या. एका वहीत माणसं, दुसरीत शाळा, तिसरीत पत्ते. आणि प्रत्येक माणसाला एक नंबर, त्या नंबरानं वह्या एकमेकींना बांधलेल्या. माणसांच्या वहीत एक रकाना जन्मतारखेचा. यंत्र तारीख लिहितं ती आधी साल, मंग महिना, मंग दिवस, आणि रांगही तशीच लावतं. म्हणजे सगळ्यांत म्हातारे पुढं, सगळ्यांत पोरसवदा मागं.

इथंच पहिली गोम. ‘आज बारा जुलै, आज कोणाकोणाचा वाढदिवस?’ असं विचारलं, तर ही रांग काही कामाची नाही. कारण बारा जुलैवाला एक इथं चाळीस सालात बसलाय, दुसरा तिकडं एकसष्टात, तिसरा सत्तरात. यंत्राला प्रत्येक माणसापाशी थांबून विचारावं लागतं, बाबा, तुझा महिना कोणता, दिवस कोणता? दहा हजार माणसं. माझ्या यंत्राला एका दिवसाचे वाढदिवस शोधायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्या वेळात तूर डाळ शिजून वरून फोडणीही पडायची. मधेच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

मंग मी डोकं चालवलं. माणसांच्या वहीत आणखी एक छोटा रकाना काढला. महिन्याला शंभरानं गुणायचं आणि त्यात दिवस मिळवायचा. बारा जुलै म्हणजे ७१२. तीन जानेवारी म्हणजे १०३. साल गेलं चुलीत. आणि या आकड्यांची वेगळी रांग लावली. पोस्टात टपाल लावायचं खणाचं कपाट असतं ना, तसं तीनशे सहासष्ट खणांचं कपाट झालं. आज ७१२? हात घाला, सगळे एका मुठीत. बटन दाबायच्या आधीच उत्तर यायला लागलं. म्हणजे जवळजवळ.

हे कपाट मी एकट्यानं जालन्यात बसून बनवलं, कुठल्या पुस्तकात न बघता. जग त्याच्या आधीच हे करून बसलं होतं हे मला फार नंतर कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

कपाटानं मला त्रासही दिला. वडीगोद्रीचे एक मास्तर एकोणतीस फेब्रुवारीचे. तीन वर्षं कार्ड नाही. एक दिवस ते येऊन टेबलापुढं उभे. “अंबेकर, मी काय तीन वर्षं मेलेलो असतो का?” तेव्हापासून साध्या वर्षात मी त्यांना अठ्ठावीसच्या खणात हलवायला लागलो.

दुसरी गंमत डिसेंबरात. कार्ड टपालानं वेळेवर पोचावं म्हणून मी दर शनिवारी पुढच्या आठवड्याची काढायचो. ‘या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत’ एवढंच यंत्राला सांगायचं. वर्षअखेरीला सांगितलं, १२२८ पासून १०३ पर्यंत. यंत्र बिलकुल गप्प. बाराशे अठ्ठावीसहून मोठा आणि एकशे तीनहून लहान आकडा कोणता असणार? वर्ष संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, हे लहान लेकराला समजतं, यंत्राला सांगावं लागतं. डिसेंबरअखेर आणि जानेवारीच्या सुरुवातीला जन्मलेल्यांना दोन वर्षं कार्ड गेलं नाही, आणि मी ते टपालखात्यावर ढकललं.

आणि एक जून. त्याबद्दल काय सांगू? जुन्या हेडमास्तरांनी शाळेत नाव घालायला आलेल्या प्रत्येक पोराला एक जूनला जन्माला घातलेलं. ६०१ चा खण उघडला की आत अर्धा जिल्हा. त्या दिवसाची कार्डं छापायला प्रिंटर दोन दिवस चालायचा आणि साहेबांचा सहीचा हात सुजायचा. मी त्या हेडमास्तरांना खूप हसायचो. खोटी तारीख लिहिताना लोकांना लाज कशी वाटत नाही, असं चारचौघांत म्हणायचो.

यंत्राचा पहिला जाहीर खेळ मी मुद्दाम एका ठरावीक दिवशी ठेवला. दगडू वॉचमनचा शाळेचा दाखला फायलीत मला सापडला होता. त्याची जन्मतारीख ज्या दिवशी येत होती, त्याच दिवशी सगळं संचालक मंडळ बोलावलं. बटन दाबलं. पडद्यावर एकच नाव आलं, दगडू. त्याला दारातून आत बोलावलं. तो घाबरला, काही हरवलं की काय. साहेबांनी त्याला हार घातला. “माझा? आज?” एवढं म्हणून तो रडायलाच लागला. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. संचालकांच्या डोळ्यांत पाणी. आणि त्या पाण्यात मी माझं घोडं दामटलं. म्हणालो, “साहेब, माणूस खोटं बोलेल, यंत्र बोलणार नाही.”

टाळ्या पडल्या. आयुष्यात मला एवढ्या टाळ्या त्या एकाच वाक्याला मिळाल्या. आता ते वाक्य आठवलं की जेवण जात नाही.

कौतुक डोक्यात गेलं आणि मी एक हौस केली. कार्डावर नुसत्या शुभेच्छा कशाला, वयही छापू. ‘आपण वयाची अमुक वर्षे पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ साहेबांनी सांगितलं नव्हतं, कोणीच सांगितलं नव्हतं. पण वय काढायचं तर साल पाहिजे. म्हणून मी जन्मतारखेच्या रकान्याला कुलूप घातलं, रिकामा ठेवता येणार नाही. दिवस, महिना, साल, तिन्ही भरा, नाहीतर यंत्र पुढं सरकू देणार नाही. खरं तर दिवस-महिना एका रकान्यात आणि साल दुसऱ्या रकान्यात, ठाऊक असलं तर भरा, नसलं तर सोडा, एवढं साधं करता आलं असतं. एक जास्तीचा रकाना. अर्ध्या तासाचं काम. न केलेल्या त्या अर्ध्या तासाबद्दल मी हे सगळं लिहून राह्यलो.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात मी मंठ्याच्या वसतिगृहात फॉर्म भरायला गेल्तो. तिथं गयाबाई स्वयंपाकाला होती. शिपाई, मास्तर यांची सरकारी सेवापुस्तकं असतात. हिचं काहीच नाही. संस्थेनं स्वतःच ठेवलेली बाई, भटारखान्यामागच्या खोलीत राहणारी. मागं-पुढं कोणी नव्हतं. ती खोली हेच घर. शंभर पोरांच्या भाकऱ्या ती एकटी थापायची. मी मोजल्या नाहीत, पण तिच्या हाताला दोनच विश्रांती असाव्यात, एक अमावास्येची आणि एक पुढच्या अमावास्येची.

“मावशी, जन्म कधीचा तुमचा?”

“पोळ्याचा.” तिनं पिठातून हात न काढता सांगितलं. “बैलं येशीत आल्ते अन् म्या इकडं आले. माय म्हनायची, वाजंत्री तुह्यासाठीच लावल्ती.”

“अन् साल?”

“साल कुठलं आनू आता? रझाकाराच्या वख्ताला माय मला घिऊन ज्वारीत लपली व्हती. म्या अंगावर पेत व्हते. रडू नये म्हनून तिनं मला सारी रात पाजलं, असं सांगायची.”

हे तिनं मला सांगितलं. या दोन कानांनी मी ऐकलं. त्यात माणसाला हवं ते सगळं होतं. रझाकाराच्या वेळेला अंगावर पिणारं लेकरू म्हणजे सत्तेचाळीसच्या आसपासचं, हा हिशोब चौथीतल्या पोरालाही येईल. पण मी तेव्हा तिच्या भाकरीकडं बघत होतो, आणि सोबत ठेचा होता.

जालन्यात येऊन यंत्रापुढं बसलो. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या वर्षीचा पोळा पाच सप्टेंबरला होता. दिवस टाकला पाच, महिना नऊ. आता साल. रकाना रिकामा सोडून पुढं जायला गेलो तर यंत्र कर्कश वाजलं. ते मीच वाजायला शिकवलं होतं. दुसऱ्यांदा वाजलं. बाहेर चहा आलेला. मी चाळीस टाकलं. का चाळीस? गोल आकडा. बसका, विश्वासू वाटणारा. यंत्र गप्प झालं, मी चहाला गेलो.

त्या पोळ्याच्या आधी गयाबाईला कार्ड गेलं. साहेबांचा हसरा फोटो, खाली अक्षरं. तिला वाचता येत नव्हतं, पोरांनी वाचून दाखवलं. पुढच्या फेरीला गेलो तर कार्ड खोलीच्या भिंतीला कणकेच्या खळीनं चिकटवलेलं.

“सर,” ती म्हणाली, “माझ्या नावानं टपाल आलं. जल्मात पहिलं.”

दर वर्षी एक कार्ड, एकाशेजारी एक. पाच सप्टेंबर, शिक्षकदिनाचा गोडाचा स्वयंपाक करता करता ती पोरांना सांगायची, आज म्याबी जल्मले. खरा पोळा त्या वर्षी कधी का असेना, ती दोन्ही दिवस पाळायची. कार्डावरचा वयाचा आकडा तिनं कधी विचारला नाही, आणि पोरांनी वाचला तरी तो ऐकून हसण्यापलीकडं तिला त्यात काही नव्हतं. सहा कार्डं झाली.

दोन हजार साली अध्यक्षसाहेबांनी फर्मान काढलं. संस्थेनं स्वतः ठेवलेल्या माणसांपैकी ज्यांना साठ झाली किंवा या वर्षात होतात, त्यांना सप्टेंबरअखेर मोकळं करायचं. आमचे अधीक्षक सय्यदसाहेब, चाळीस वर्षं नोकरी झालेले, नियमांचा चालता कोश, माझ्याकडं कागद घेऊन आले. “अंबेकर मियाँ, लिस्ट निकालो. जल्दी.”

आता बघा हं. वाढदिवस शोधायला जी रांग मी निकामी ठरवली, सालवारीची, म्हातारे पुढं आणि पोरं मागं, ती वय शोधायला एकदम बराबर. अमुक तारखेच्या आधीचे सगळे म्हटलं की रांगेचं पुढचं टोक तेवढं तोडून हातात. बोट बटनावरून उठायच्या आत सतरा नावं. मी यादी छापली. खाली ‘संगणकानुसार बरोबर आहे’ असं लिहून सही केली. वाचली नाही. माझ्या यंत्राची यादी मी कशाला वाचू?

आठवड्यानं गयाबाई मंठ्याहून एसटीनं आली. चपला दाराबाहेर काढून आत आली, हातात लिफाफा.

“सर, येगळंच टपाल आलं. पर ह्याच्यावर फोटू न्हाई.”

मी वाचलं. वयाची साठ वर्षे पूर्ण होत असल्याने सेवा समाप्त. खोली सप्टेंबरअखेर रिकामी करावी. पहिल्यांदा मोठ्यानं वाचायला लागलो आणि मधेच थांबलो. चाळीस. गोल आकडा. गार हवेच्या खोलीत मला घाम फुटला, आणि हे मी वाढवून सांगत नाही.

“काय लिवलंय?”

“मावशी, चूक झालीय,” मी म्हणालो. “मी दुरुस्त करतो. तुम्ही जा, भाकऱ्यांचं बघा.”

“चूक व्हय?” तिचा चेहरा सैल झाला. “मला वाटलं, कोनी मेलं.”

मी सय्यदसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मंग म्हणाले, “एक लाइन का काम है ना? बदल डालो. नवी लिस्ट निकालो, मैं ऊपर भेजता हूँ. लेकिन मियाँ, एक बात बोलूँ? अर्ज देके करो. चोरी से करेंगे तो सच्ची बात भी चोरी की हो जाती.”

अर्जाला वेळ लागला असता, आणि अर्जात लिहावं काय? ‘मी साल मनानं टाकलं’? माझ्या नावाची जणू पाटीच दारावर लागलेली होती, यंत्र खोटं बोलत नाही. ती उतरवायची माझी हिंमत नव्हती. मी चाळीसचं सत्तेचाळीस केलं आणि सोळा नावांची यादी पाठवली.

साहेबांनी बोलावलं. संचालकांतले चार-पाच जण बसलेले.

“अंबेकर, सतराचे सोळा कसे झाले?”

“साहेब, एक चूक होती, दुरुस्त केली.”

“यंत्राची चूक?”

मी यादीखालच्या माझ्याच सहीकडं पाहिलं.

दर महिन्याला सगळ्या माहितीची एक प्रत काढून, वर तारीख लिहून, ती साहेबांच्याच कपाटात कुलूपबंद करायची, ही शिस्त मीच लावली होती. साहेबांनी कपाट उघडलं. सहा वर्षांच्या प्रती. प्रत्येकीत गयाबाई चाळीसची.

“सहा वर्षं चाळीस, आणि यादी निघाल्यावर आठवड्यात सत्तेचाळीस,” साहेब म्हणाले. “बाई तुमच्या नात्यातली हाय का?”

तेव्हा मी सगळं ओकलो. म्हणालो, “साल मी बनवलं साहेब. तिनं साल सांगितलंच नव्हतं. रकाना रिकामा घेत नव्हता, म्हणून मी मनानं चाळीस टाकलं. ती रझाकाराच्या वेळेला आईच्या अंगावर पीत होती.”

मंग एक संचालक फुटले. “काय अंबेकर! ही म्हैस आटायच्या आधीची का नंतरची?”

सगळे हसले. साहेबसुद्धा. मी आयुष्यभर ज्या हसण्यासाठी मरत आलो, तेच हसणं. मी म्हणालो, देवाशपथ. तर ते आणखी हसले, कारण म्हशीच्या वेळेलाही मी देवाशपथच म्हणालो होतो.

हसणं थांबल्यावर साहेब शांतपणे म्हणाले, “अंगावर पीत होती याला साक्षीदार कोन? तिची माय? ती कुठंय? मी सांगतो माझा साक्षीदार. मागच्या साली मी मंठ्याला गेल्तो. त्या बाईच्या भिंतीवर माझी कार्डं हायेत. प्रत्येकावर वय छापलंय. एवढी वर्षं तिनं ती घेतली, भिंतीला लावली. हरकत घेतली का?”

“तिला वाचता येत नाही साहेब.”

“तुमीच शिकवलं आम्हांला. माणूस खोटं बोलंल, यंत्र न्हाई.”

जुन्या प्रतीवरून ती ओळ परत चाळीस करण्यात आली. ती मलाच करायला लावली, साहेब मागं उभे राहून. मंग त्या खोलीच्या किल्ल्या माझ्याकडून घेतल्या आणि मला पुन्हा टाइपरायटरवर बसवलं. त्याचं मला काही नाही.

मी मंठ्याला गेलो. गयाबाई चुलीपुढं होती. मी तिला म्हणालो, “मावशी, एकच उपाय राहिलाय. तुम्ही स्वतः या आणि साहेबांपुढं सांगा, ही कार्डं खोटी आहेत, ही तारीख माझी नाही.”

तिनं तवा उतरवला. भिंतीकडं पाहिलं.

“खोटी हायेत?”

“साल खोटं आहे.”

“अन् पोळा?”

“पोळा खरा.”

“मंग कार्ड खोटं कसं म्हनू?” ती चिडली नव्हती, खरंच विचारत होती. “दिस माझा हाय, सर. मायनं दिला. साल तुमचं हाय, तुमी घातलं. तुमचं तुमी परत घ्या की. माझ्या दिसाला कशाला हात लावता?”

एवढं सरळ मला कोणी कधी सांगितलं नाही. दिवस एका रकान्यात, साल दुसऱ्या. जे मी सहा महिन्यांच्या कोर्सात शिकलो नाही, ते तिनं चुलीपुढं उभं राहून मांडलं. आणि मला ते परत घेता येत नव्हतं. किल्ल्या साहेबांकडं होत्या. किल्ल्या असत्या तरी माझा शब्द माझ्याकडं कुठं उरला होता?

ती साहेबांकडं आली नाही. मी आणखी दोनदा साहेबांकडं गेलो, एकदा लेखी अर्ज घेऊन. अर्जावर ‘फाइल’ एवढाच शेरा पडला. सय्यदसाहेब म्हणाले, “बोला था ना मियाँ, पहले अर्ज.”

पाच सप्टेंबरला यंत्रानं आपलं काम केलं. गयाबाईला कार्ड गेलं. आपण वयाची साठ वर्षे पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. ते सातवं. शिक्षकदिनाच्या कार्यक्रमात साहेबांनी तिला साडी-नारळ दिलं, फोटो काढला. महिनाअखेर ती दोन बोचकी घेऊन गेली. खळीनं चिकटवलेली कार्डं निघेनात. ओढली की साहेबांचा चेहरा भिंतीला राहायचा आणि कागद हातात यायचा. तिनं तशीच सोडली.

यंत्राला, माणूस गेलं म्हणजे काय, हे मी शिकवलं नव्हतं. असा रकानाच नव्हता. माझ्यानंतर आलेला ऑपरेटर बटन तेवढं दाबायचा. म्हणून पुढच्या सप्टेंबरातही वसतिगृहाच्या पत्त्यावर कार्ड गेलं, आणि ‘सदर व्यक्ती येथे राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. टपाल उघडायचं काम तेव्हा माझ्याकडं होतं. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, अशी तीन कार्डं मी टेबलाच्या खणात ठेवली. तीनशे सहासष्ट खणांचं कपाट बनवणाऱ्याकडं शेवटी हा एकच खण राहिला.

निवृत्त झाल्यावर ती तीन कार्डं पिशवीत घालून मी तिला शोधायला निघालो. कोणी म्हणालं, लांबच्या नात्यातल्या एका भाचीकडं वडीगोद्रीला असते. नेमका पोळ्याचा दिवस निवडला, ऑगस्टातला. हायवेच्या कडेला एका हॉटेलाच्या मागच्या पत्र्याखाली ती भाकऱ्या थापत होती. वसतिगृहात पोरं शंभर होती. इथं ट्रकवाल्यांना मोजदाद नाही. साठ झाली म्हणून घरी पाठवलेली बाई दुप्पट भाकऱ्या थापत होती. हात पार काळे पडलेले. मला बघून तिनं पदरानं खुर्ची पुसली.

“या सर. बराबर दिस साधला. आज पोळा.”

“म्हणूनच आलो मावशी.”

“कार्ड आनलं का?” तिनं हसत विचारलं. “लई वर्सं झाले, आलंच न्हाई.”

पिशवी माझ्या मांडीवर होती. पण वर त्रेसष्ट छापलेलं. मी पिशवी पायाशी ठेवली.

तिनं मला भाकरी वाढली. चव तीच होती. रस्त्यावरून रंगवलेल्या शिंगांची एक जोडी गेली, मागं ताशा. ती कान देऊन ऐकत राहिली.

मंग अचानक म्हणाली, “सर, ते तुमचं साल. घेतलं का परत?”

त्या खोलीत आता नवं यंत्र आलं होतं. जुनी माहिती जशीच्या तशी त्यात ओतली होती, मी चौकशी केली होती. तिच्या नंबरापुढं आजही चाळीस आहे. माझा अर्ज कुठल्या फायलीत आहे, मला माहीत नाही.

“घेतलं मावशी,” मी म्हणालो.

“खोडलं?”

“खोडलं.”

“बरं झालं.” तिनं पुढचा गोळा हातात घेतला. “माझ्या जिवाला उगंच लागून राह्यलं व्हतं.”

आयुष्यात मी एवढी छोटी थाप कधी मारली नव्हती. माझ्या खऱ्यातले सोळाही आणे लोकांनी टाकून दिले. या थापेतला तिनं एकही टाकला नाही.